चौथी मूठ

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या मोठ्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी "नंतर बोलू" म्हणून तो टाळला. टाळायला नको होता. शाळेच्या कुस्तीत, वेळ काढतो म्हणून, पंचांनी त्याला दोनदा दंड केला, तो हरला, आणि घरी येताना गाडीत तुमचा बाबा म्हणाला, "सोड रे, मला तर तुझ्या आजीनेच हरवलं होतं." म्हणून तो प्रश्न: "आजी, डिड यू रिअली स्निच ऑन बाबा?" म्हणजे मी खरंच बाबाची चुगली केली का. मागे बाबाच्या हसण्याचा आवाज मला नीट ऐकू आला. बाबा ही गोष्ट आता हसून सांगू लागला आहे, म्हणजे थोड्याच वर्षांत ती तशीच कायम होऊन बसेल. आजोबा नाहीत. त्या सामन्यात माझ्याबरोबर गुण लिहायच्या टेबलावर बसलेलं कुणी तुम्हाला भेटण्याची शक्यता नाही. माझी सत्तरी उलटली. तेव्हा आत्ताच लिहिते.

मला हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण हे भांडण आमच्या घरात मराठीत झालं आणि त्यातले शब्द मला बदलायचे नाहीत. तुमची आई वाचून दाखवील. बाबाला वाचायला सांगू नका, तो मधली वाक्यं गाळेल.

दोन हजार सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. आम्ही सिंगापुरात सेम्बावांगला राहत होतो. आजोबा जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होते. मी पुण्यातली ग्रंथपालाची नोकरी सोडून डिपेंडंट पासवर आलेली, म्हणजे नवऱ्याच्या पासाला शेपटासारखी जोडलेली बायको. फी कंपनी भरायची, म्हणून तुमचा बाबा अमेरिकन पद्धतीच्या शाळेत गेला. त्या शाळेत कुस्ती होती. माती नव्हती, निळी मॅट होती, पण कुस्ती होती. आजोबांना आकाश ठेंगणं झालं.

का, ते सांगायला हवं. आजोबा मिरजेकडचे. अठराव्या वर्षी एका गावच्या जत्रेतल्या मैदानात त्यांची जोड पाटलांच्या मुलाशी लागली होती. आजोबांनी त्याला पाठीवर पाडलं. सगळ्या मैदानाने पाहिलं. पंच म्हणाले, खांदा टेकला नाही. पुन्हा लावा. पुन्हा लावली, आणि अंधार पडायला लागल्यावर कुस्ती बरोबरीत सोडवली. आजोबांच्या हातात नारळ दिला, पाठीवर थाप मारली, आणि एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पोरगं त्यांच्यातलं असून चांगलं लढलं." 'त्यांच्यातलं' म्हणजे आपल्यातलं. त्या दिवसापासून पंच ही जात आपली नाही, असं आजोबांचं मत झालं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

माझ्या वडिलांनी त्याच परिस्थितीतून नेमका उलटा धडा घेतला होता. ते पोस्टात कारकून होते. ते म्हणायचे, "आपल्याला वतन नको, लेखी नियम हवा. तोंडी सगळं त्यांचं असतं. लिहिलेलं तेवढं आपलं." पोस्टाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी इतकं वाचलं होतं की साहेब त्यांना विचारायचे. मी त्यांच्या हाताखाली वाढले. एका घरात ही दोन मतं वीस वर्षं सुखाने नांदली, कारण त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

शाळेने पालकांना पत्र पाठवलं: सामन्यांच्या वेळी टेबलावर बसून गुण लिहायला माणसं हवी आहेत. मला विचारण्याआधीच आजोबांनी माझं नाव देऊन टाकलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाले.

"अक्षर चांगलं असणाऱ्या पुष्कळ जणी आहेत."

"असतील. पण आपलं माणूस टेबलावर असलेलं बरं."

"कशासाठी?"

"असू दे गं. पंचाचं काही सांगता येत नाही."

मी तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. मला वाटलं, पंचाने लबाडी केली तर ती पकडायला. वाटून घेतलं, असं म्हणा. घरी बसून मला कंटाळा आला होता.

आम्हा चार आयांना शिकवायला दुसऱ्या शाळेतला एक अमेरिकन गणितशिक्षक आला. तोच मोठ्या सामन्यांना पंच असायचा. शाळेच्या कँटीनमध्ये त्याने दोन संध्याकाळी आमची शिकवणी घेतली. बाकीचं सोपं होतं, पाडलं की दोन गुण, खालून सुटलं की एक. सामन्याचे दोन-दोन मिनिटांचे तीन भाग, त्यातले शेवटचे दोन एक जण खाली आणि एक वर असे सुरू व्हायचे. त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला तो स्टॉलिंगवर, म्हणजे तुमच्यातल्या मोठ्याला ज्याचा दंड झाला त्याच वेळकाढूपणावर. टेबलं बाजूला सारून तो आम्हाला स्वतः करून दाखवत होता. एक पाऊल मागे आलं म्हणजे स्टॉलिंग नव्हे, म्हणाला, मागे सगळेच येतात. मागे येऊन तो परत पुढे जातो का, ते बघा. वर्तुळाच्या कडेला जाऊन कुणी उभा राहतो, ढकललं की बाहेर जातो, मध्ये येतो, पुन्हा कडेला. कुणी वर बसलेला असतो, पण उलथवायचं नाव नाही, खालच्याच्या पायाला मिठी मारून नुसता पडून राहतो. कुणी हात पुढे करतो, पण ते धरायला नसतात, अडवायला असतात.

मी विचारलं, "दमलेला मुलगा आणि वेळ काढणारा मुलगा, हे वेगळे कसे ओळखायचे?"

त्याला प्रश्न आवडला. म्हणाला, "दमलेला समोरच्याकडे बघतो. वेळ काढणारा घड्याळाकडे बघतो."

मी ते लिहून घेतलं. दंडही लिहून घेतला: पंचाने पहिल्यांदा मूठ वर केली की नुसती ताकीद. दुसऱ्या मुठीला समोरच्याला एक गुण, तिसरीला एक, चौथीला दोन, आणि पाचवीला बाहेर. मग तो आमच्यापुढे बोट नाचवत म्हणाला, "मी मुठी मोजत बसणार नाही. माझे डोळे मुलांवर असतील. मोजायचं काम तुमचं. मी चुकीचा आकडा दाखवला तर लगेच घड्याळ थांबवायचं आणि मला सांगायचं. उद्या सांगितलंत तर काही उपयोग नाही."

मी घरी आले तेव्हा दिवाणखान्यात सोफा भिंतीला लावलेला होता आणि आजोबा तुमच्या बाबाला जमिनीवर दाबून शिकवत होते. "एकदा पुढे गेलास ना, की संपलं. मग धरून बस. दम खा. समोरचा चिडतो, चिडला की चुकतो. आणि पंचाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तो आपला नसतो."

"अहो, याला इथे दंड आहे," मी म्हणाले.

"दंड! चितपट केल्याशिवाय निकाल नाही ती कुस्ती. हा काय पोरखेळ, दोन गुण अन् एक गुण."

"मग चितपट करायला शिकवा. बसून राहायला काय शिकवताय?"

खालून तुमचा बाबा तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, "आई, चिल लाह."

सतरा वर्षांचा होता. ताकद होती, पट काढण्यात, म्हणजे पाय ओढून पाडण्यात, हात चपळ होता. सांगते ते त्याच्या बाजूने सांगते आहे: पहिल्या दोन मिनिटांत त्याच्यासमोर त्याच्या वजनाचं कुणी टिकत नसे. पण त्यानंतर तो वडिलांचा मुलगा व्हायचा. पुढे गेला की मागे सरायचा. प्रेक्षकांत बसून आजोबा बोटांनी त्याला उरलेली मिनिटं दाखवायचे. त्या मोसमात मी त्याच्या नावापुढे इतक्या ताकिदी लिहिल्या की मला त्याचं आडनाव लिहायचा कंटाळा आला.

शेवटचा सामना फेब्रुवारीत झाला. बाहेरच्या देशांतल्या शाळा आल्या होत्या. प्रत्येक वजनात जो जिंकेल तो सुट्टीत निवडक संघाबरोबर अमेरिकेला खेळायला जाणार होता, आणि तिथे कॉलेजांचे प्रशिक्षक मुलं बघायला येणार होते. आमच्या घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. आजोबांनी यार्डात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मुलगा अमेरिकेला कुस्ती खेळायला जातोय, असं. जाईल असं नव्हे, जातोय असं.

टेबलावर माझ्या शेजारी पाहुण्या शाळेकडून एक आई बसली होती. ती चांगली बाई असेल. सामनाभर तिने फोनवर निरोप टाइप केले आणि माझ्या कागदात बघून आपला कागद भरला.

तुमच्या बाबाने सुरुवात झकास केली. दोनदा पट काढून पाडलं, मध्ये एकदा समोरचा सुटला. चार-एक. दुसऱ्या भागात खालून सुटला, पाच-एक. आणि मग, जसं काही कुणी बटण दाबावं, तसा तो थांबला. पाच पावलं मागे, वर्तुळाच्या कडेला. समोरचा मुलगा लाल चेहऱ्याचा, वजनाने तेवढाच पण उंचीने कमी. तो पुढे येत होता आणि आपला मागे. पंचाची मूठ वर गेली. ताकीद. वरून आजोबांचा आवाज आला, "असू दे! असू दे! दम धर!"

तिसऱ्या भागात आपला वर होता. त्याने खालच्याच्या पायाला मिठी मारली आणि डोकं त्याच्या कमरेत खुपसून पडून राहिला. दुसरी मूठ. पाच-दोन. मग तो मुलगा सुटला, पाच-तीन. आपला पुन्हा कडेला. तिसरी मूठ, पाच-चार. शेजारच्या बाईने फोन खाली ठेवला. हॉलमध्ये लोक ओरडायला लागले होते, आणि ते आपल्यासाठी ओरडत नव्हते. मी मान वर केली तेव्हा तुमच्या बाबाने घड्याळाकडे पाहिलं. मी टेबलावर घड्याळाच्या अगदी बाजूला बसले होते, म्हणून मला वाटलं, माझ्याकडे पाहिलं. नाही. घड्याळाकडेच.

अकरा सेकंद उरले असताना चौथी मूठ वर गेली. पंचाने समोरच्या मुलाच्या रंगाची पट्टी बांधलेल्या हाताचं एक बोट दाखवलं. एक गुण. पाच-पाच.

चौथीला दोन असतात.

शेजारच्या बाईने एक लिहिला. समोरच्या प्रशिक्षकाने टाळी वाजवली, बरोबरी झाली म्हणून. पंच मुलांना मध्ये बोलवत होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. म्हणजे मी गप्प राहिले असते तर बरोबरी, मग जादा वेळ, आणि जादा वेळेत ताकदीने तो कदाचित जिंकलाही असता. हे मी नाकारत नाही.

मी किती वेळ थांबले, ते मला अजून आठवतं. लांब नव्हता तो वेळ, पण मी थांबले. आणि नियमाच्या प्रेमापोटीच हात वर केला, असंही मी तुम्हाला लिहिणार नाही. मला राग आला होता. इतकं अंगात असताना मुलगा कडेला जाऊन उभा राहतो याचा, आणि वर प्रेक्षकांत बसलेल्या माणसाचा, ज्याने त्याला हे शिकवलं. वडिलांचं वाक्य आठवलं ते नंतर. आधी राग होता.

मी घड्याळवाल्याला म्हटलं, थांबव. पंच आला. मी कागद त्याच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "दिस इज द फोर्थ."

त्याने चार खुणा पेनाने मोजल्या. "यू आर राइट," म्हणाला, आणि दुसरं बोट वर केलं. पाच-सहा.

तुमच्या बाबाने आधी पंचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो माझा मुलगा आहे, ते डोळे मला ओळखीचे हवे होते. नव्हते.

उरलेल्या अकरा सेकंदांत तो खेळला. अख्ख्या तिसऱ्या भागात पहिल्यांदा तो पुढे गेला, एकेरी पट धरला, त्या मुलाचा पाय जमिनीवरून उचलला, आणि भोंगा वाजला. पाय हवेतच होता. आणखी दोन सेकंद मिळाले असते तर पाडला असता. ते दोन सेकंद त्याने कुठे घालवली, हे माझ्या कागदावर लिहिलेलं होतं.

बाहेर आल्यावर आजोबा पुढे चालू लागले. आम्ही नेहमीसारखे स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत, जेवायला थांबलो. आजोबा रांगेत गेले आणि दोन बोटं दाखवून म्हणाले, "टू चिकन राइस." चिकन राइसवाल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो आम्हाला ओळखायचा.

"आंटी डोन्ट वॉन्ट आ?"

"आंटी ऑलरेडी एट," आजोबा म्हणाले.

दोघे बापलेक एका टेबलावर बसून जेवले. मी रांगेत उभी राहिले, माझी प्लेट घेतली आणि त्याच टेबलावर येऊन बसले. उठून दुसरीकडे जाणं मला शोभलं नसतं.  मिरचीची वाटी तुमच्या बाबाच्या पुढ्यात होती, मी ती मागितली, त्याने ऐकलं नाही. मी हात लांब करून घेतली.

घरी दार लावलं आणि आजोबा सुरू झाले.

"तू त्याची आई आहेस का पंचाची शिपाई?"

"टेबलावर मला तुम्ही बसवलं."

"म्हणूनच! म्हणूनच बसवलं होतं!"

"मग तेव्हाच स्पष्ट सांगायचं होतं, चोरी करायला बसवतोय म्हणून. मी नाही म्हटलं असतं."

"चोरी? पंच चुकला. तू बोलली नसतीस तर कुणाचं काय जात होतं?"

"त्या पोराचं जात होतं."

"कोण तो? तुझा कोण लागतो?"

यावर मी जे बोलले ते मला आजही मागे घ्यायचं नाही. मी म्हणाले, "त्या जत्रेत पाटलाने पण असंच म्हटलं असेल. आपलं माणूस पंचात असलेलं बरं."

आजोबा उभे होते ते खाली बसले. त्यांचा चेहरा बघून तुमचा बाबा माझ्यावर ओरडला, "इनफ, आई!" मग आजोबा उठले, आतल्या खोलीत गेले, आणि मे महिन्यापर्यंत माझ्याशी सरळ बोलले नाहीत. "आईला सांग, शुक्रवारी उशीर होईल." "आईला सांग, बिल आलंय." मी समोर बसलेली असायची. तुमच्या बाबाला ते निरोप पोचवायची लाज वाटायची, मग तो काहीच न सांगता नुसता माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, ऐकलं.

आपल्या मंडळींत ही गोष्ट पसरायला आठवडा पुरला. पासिर रिसला एकांच्या घरी बुद्धवंदनेला गेलो होतो, तिथे स्वयंपाकघरात एक बाई मला म्हणाल्या, "ताई, तुमचं धाडस मानलं पाहिजे. आम्हाला नसतं जमलं हो." आणि दुसरीकडे बघून हसल्या. मी म्हणाले, "तुम्हाला टेबलावर कुणी बसवलं नसतं." पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. मीही गेले नाही.

तुमचा बाबा बोलला तो तिसऱ्या दिवशी, सकाळी, शाळेची बस यायच्या आधी. बुटाची नाडी बांधत, माझ्याकडे न बघता.

"तू माझी आई म्हणून तिथे बसली होतीस."

"नाही. मी गुण लिहायला बसले होते."

"सेम थिंग लाह."

"सेम थिंग नाही. तू चार मिनिटं कडेला का उभा होतास, ते सांग आधी."

"बाबा म्हणाले म्हणून."

"बाबांच्या अंगावर नाही आली ती मूठ."

"आणि तू त्याला टू पॉइंट्स दिलेस म्हणून मी जात नाहीये. दॅट्स ऑल." बस आली आणि तो गेला. लाल चेहऱ्याचा मुलगा अमेरिकेला गेला. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तुमचा बाबा पुन्हा मॅटवर उतरला नाही. अमेरिकेला तो दोन वर्षांनी गेला, अभ्यासाच्या जोरावर, आणि तिथेच राहिला, तुमची आई त्याला तिथेच भेटली. म्हणजे त्याचं काही अडलं नाही. हे वाक्य मी एकदा फोनवर त्याला म्हणाले होते. त्याने फोन ठेवला.

आजोबांनी शेवटच्या वर्षी, आजारपणात, एकदा तो विषय काढला. मी त्यांना औषध देत होते. म्हणाले, "तू तेव्हा बोलायला नको होतंस." मी म्हणाले, "तुम्ही शिकवायला नको होतं." ते म्हणाले, "असेल." एवढंच. त्याला माफी म्हणायची का, हे तुम्ही ठरवा. मी म्हणत नाही.

तेव्हा मोठ्याच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. मी चुगली केली नाही. चुगली म्हणजे पाठीमागे सांगणं. मी सगळ्यांसमोर, माझं काम होतं म्हणून, खरा आकडा सांगितला, आणि तो सांगताना मला तुझ्या बाबाचा राग आला होता. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. बाबा फक्त दुसरं सांगतो, आणि तेही अर्धं. तुला दोनदा दंड झाला, तो पंचाने उगाच केला असं तुला गाडीत सांगितलं गेलं असेल. मी तुझा सामना पाहिलेला नाही, म्हणून मी काही म्हणत नाही. एवढं आठवून बघ, त्या वेळी तू कुणाकडे बघत होतास.

ती शाळा दुसरीकडे हलली. ज्या हॉलमध्ये हे झालं तिथे आता फ्लॅट आहेत. चिकन राइसवाला म्हातारा नाही, आजोबा नाहीत. तुमचा बाबा दर रविवारी मला फोन करतो, तब्येत विचारतो, तुमचं सांगतो, आणि कुस्तीचा विषय निघाला की फोन तुमच्या आईकडे देतो. त्याचा माझ्यावरचा राग अजून आहे. माझा त्याच्यावरचाही आहे.